टाच किती रुतते

३ नोव्हेंबर, सोमवार

मिनीबसच्या चाकांत हवा : पुढे ७०, मागे चारही ७५ पौंड. दांड्याने ठोकून बघितली, सहाही खणखणीत. बसडेपोत ड्रायव्हर होतो, चौतीस वर्षं ड्युटीवर चढण्याआधी हेच केलं. सहा चाकं, सहा टोले. आवाज बद्द आला की गाडी हलवायची नाही. सुमन म्हणायची, "फणसापेक्षा चाकंच जास्त ठोकलीत तुमी." म्हणजे बोलता येत होतं तेव्हा म्हणायची. मार्चमध्ये झटका आला, उजवी बाजू गेली. आता एका वेळी एक शब्द, फार तर दोन. तोही निघता निघता तिला घाम फुटतो.

तिचा पलंग गाडीच्या खिडकीला टेकवून पक्का केला. ब्रेक मारला तरी सरकणार नाही. कमोडजवळ धरायला दांडा लावला, डाव्या हाताला.

दुपारी बदलापूरहून नितीनचा फोन. सु.च्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा मुलगा. "काका, वीस तारखेला आईला घेऊन जातोय. आंजर्ल्याचं घर बंद करतो. तिला आता एकटीला ठेवून चालत नाही." बरोबरच आहे त्याचं. पण बदलापूरला तिसरा मजला, लिफ्ट नाही. आक्का एकदा वर चढली की उतरायची नाही, आणि सु. तिथे चढायची नाही.

वीसच्या आत आंजर्ल्याला पोचायचं. नऊ तारखेला निघू. दोन मुक्काम धरू वाटेत, बसून बसून तिची पाठ धरते.

४ नोव्हेंबर

सकाळी फोन लावून दिला. आक्का तिकडून, "कोण? कोण बोलतंय गो?" तिला ऐकू येत नाही. इकडे सु.च्या तोंडातून शब्द निघेपर्यंत आक्का कंटाळून फोन ठेवते. व्हिडिओ करावा तर तिला मोतीबिंदू. एकीला ऐकू येत नाही, एकीला बोलता येत नाही. समोरासमोर बसवून हातात हात दिल्याशिवाय ह्या दोघींचं काही होणार नाही. नऊ महिने झाले, गाठ नाही.

सु. चार वर्षांची असताना आई गेली. आक्का तेव्हा अठरा वर्षांची, तिचं ठरलेलं लग्न तिने पाच वर्षं लांबवलं. आमच्या लग्नात पाठवणीला मला म्हणाली, "बहीण नाय, माजी पोर हाय ही." मी नुसती मान हलवली. चोवीस वर्षांच्या पोराला काय कळतंय.

गाडीला लोक हसतात. हसू देत. मिरजोळ्याच्या एका शेडमध्ये गंजत पडलेली शाळेची जुनी मिनीबस. चार महिने राबून घर केलं तिला. पलंग, ओटा, नळ, पंखा, मागे चाकांच्या खुर्चीसाठी उतरण. शेजारचा बाळू तिला 'दत्तूशेटचा महाल' म्हणतो.

५ नोव्हेंबर

दुपारपासून पाऊस. कार्तिक निम्मा सरला तरी ह्याचं जाणं नाही. पेंढा भिजला.

६ नोव्हेंबर

पाऊस. पाऊस. सु. दिवसभर मागच्या दारातून मळ्याकडे बघत होती. गाडी मळ्यात उभी आहे. विचारलं, काय बघतेस. बोटाने मळाच दाखवला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ऊन पडलं. म्हटलं इंजिन जरा गरम करू, चार हात पुढे घेऊ. पहिला गिअर टाकला आणि मागचं डावं चाक फिरायला लागलं. जागच्या जागी. मी रेस दिली. जेवढी रेस दिली तेवढी गाडी खाली बसली. मागे घेतली, आणखी बसली. अर्धं चाक आत गेलं तेव्हा इंजिन बंद केलं.

लिहून ठेवतो, कारण उद्या मी दुसरंच काही सांगेन : कोणी काही सांगितलं नव्हतं, कोणाची चूक नाही, माझी आहे. आमचं घर पाखाडीखाली. रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडीच्या त्रेसष्ट पायऱ्या. सु.ला एकही चढवत नाही. म्हणून भात कापून झाल्यावर, दिवाळीआधी, वरच्या कातळावरून खालच्या खोलगट मळ्यातून गाडी खाली आणली आणि थेट मागच्या दाराशी लावली. दारापासून दहा पावलं. उतरण टाकली की खुर्ची सरळ आत. तेव्हा मळा वरून भेगाळलेला होता, चाकं वाजत आली होती. छाती फुगवून उतरलो होतो.

बाळू बांधावर येऊन उभा. "दत्तूभाव, हतं म्हशी बसतात. तुमी महाल बसवलात."

८ नोव्हेंबर

सकाळी चाकापुढे चिरे घातले. एक चिरा मागे उडाला, विहिरीच्या कठड्यावर आपटून दोन तुकडे. बाकीचे खाली गेले. मळ्याने गिळले म्हणायचं. पाच चिरे गेले, वर खूण नाही.

दुपारी बाळूने पॉवर टिलर आणला. दोर बांधला. टिलर पुढून उठला तो घोड्यासारखा उभाच राहिला. बाळूने उडी मारली म्हणून वाचला. त्याची बायको दारातून त्याला जे बोलली ते इथे लिहीत नाही.

ट्रॅक्टर वरूनच परत गेला. ड्रायव्हर म्हणाला, मी उतरलो तर उद्या दोघांना काढायला तिसरा बोलवाल. जेसीबीचा हात रस्त्यावरून इथवर पोचत नाही.

रविवारी निघायचं होतं. सु.ची पिशवी भरलेली आहे. आक्कासाठी घेतलेलं नऊवारी वर आहे, तिने हट्टाने वर ठेवायला लावलं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज वाडीतली चार माणसं आली. चांगल्या मनाने आली. म्हणाली, खुर्चीत बसवून पाखाडी चढवतो, वर दुसरी गाडी लावा, झोपवून न्या.

सु.ने डाव्या हाताने पलंगाची कड धरली ती सोडेना. "नाय." मग परत, "खुर्ची नाय."

मला कळलं. मार्चमध्ये असंच नेलं होतं. प्लॅस्टिकची खुर्ची, चौघे, दोन्ही बाजूंना सगळी वाडी उभी. लुगडं सुटलेलं, तोंड वाकडं झालेलं, लाळ. शुद्ध पूर्ण होती तिची. कोण कोण रडलं, कोणी तोंड फिरवलं, सगळं तिने बघितलं. त्या पायऱ्या तिने लग्नापासून डोक्यावर भारे घेऊन चढलेल्या.

माणसांना चहा दिला. म्हटलं, बघू. चौघांनाही समजलं असावं, कोणी परत विषय काढला नाही.

गेल्यावर मी तिला म्हटलं, खुर्ची नाही. ह्याच गाडीतून नेतो तुला. बोलून तर बसलो.

१० नोव्हेंबर

मिरजोळ्याच्या सलीमला फोन. टायरचं दुकान आहे त्याचं, ह्या गाडीची चाकं त्यानेच दिली. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हवा किती?" मी ऐटीत सांगितलं, पंच्याहत्तर. तो हसला. "काका, निम्मी सोडा. पस्तीसवर आणा."

मी फोन ठेवला. हवा सोडून गाडी चालवायची? एकदा फक्त, नवीन होतो तेव्हा, मागच्या एका चाकात हवा कमी असताना गाडी बाहेर काढली होती, तर साहेबांनी सगळ्या डेपोसमोर खाली उतरवलं होतं. अजून कान गरम होतात. हवा म्हणजे इज्जत, असं शिकलो आम्ही.

सोडली नाही.

११ नोव्हेंबर

दुपारी भात भरवताना सु.ला सलीमचं सांगितलं, टवाळी करायची म्हणून. ती हसली नाही. डावा हात वर केला, बोटं घट्ट मिटलेली, आणि मूठ गादीत दाबली. मूठ रुतली. मग तळवा पसरून ठेवला. रुतला नाही. परत केलं. मी बघतोय बावळटासारखा.

मग म्हणाली, "रेडा."

"कसला रेडा?"

"खूर."

चिखलणीला बैल नाही, रेडे लावतात आमच्याकडे. का, तर रेड्याचा खूर चिखलात फाकतो. बैलाचा तसा फाकत नाही, तो रुततो. एवढं लहान पोरालाही ठाऊक. मी खोत नसलो तरी कुळवाडी, शेत कसणाऱ्या घरचा तर आहे, मला आठवायला नको? पण नोकरी लागल्यापासून लावणीला मी कधी होतो? जूनमध्ये रजा मिळायची नाही.

भात निवलं. ती तेवढ्यात दमली होती. तोंड पुसलं, झोपवलं.

मग बाहेर जाऊन हवा सोडली. एकेका चाकाजवळ बसून. तो आवाज ऐकवेना. मागे ३५, पुढे ४०. चाकं खाली पसरली, पोट सुटल्यासारखी. बरं झालं डेपोतलं कोणी बघायला नाही.

चालू केली नाही. आधी तिला विचारणार. हे मी आधी का केलं नाही?

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजचं सगळं लिहायचं आहे. हात दुखतोय, तरी.

सु.ला मागच्या दारात बसवलं, पाठीला उशी. मला म्हणाली, "चपला." काढल्या. "चाल." मळ्यात उतरलो. चार पावलं टाकली. तिने डाव्या हाताचं बोट वर केलं आणि अंगठ्याने त्याची पेरं दाखवली. एक? दोन? टाच किती रुतली ते विचारत होती. मी माझं बोट वर करून दाखवलं, दोन पेरं. तिने मान हलवली, तिथे नको. पुढे.

असे आम्ही दोन तास चाललो. म्हणजे मी चाललो. ती दारातून चालली.

टाच आधी बसली तर ओल खालून आहे, ती महिनाभर जायची नाही. पाऊल नुसतं निसटलं आणि टाच वर राहिली तर वरचाच चिखल, खाली घट्ट. हे तिने तीन शब्दांत सांगितलं आणि बाकीचं हाताने. मी सांगतोय चार ओळींत.

आमच्या मळ्यात पावटा-कुळीथ शिंपण्याशिवाय येतो. का येतो, तर खाली ओल टिकते म्हणून. जन्मभर तो पावटा मी खाल्ला, आणि गाडी आणून त्याच ओलीवर उभी केली. कोणी मुंबईचा पाहुणा असता तर त्याला हसलो असतो.

सगळ्या मळ्यात टाच वर राहिली ती एकाच ठिकाणी. वरच्या कोपऱ्यात, तरव्याच्या तुकड्यावर. दरवर्षी तिथे पाला-शेण जाळून रोपं करतात, म्हणून ती माती भाजलेली, मोकळी, पाणी धरत नाही. मी बोट वर केलं, अर्धं पेर. सु.ने मान हलवली, हो. डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं म्हणावं तर तसंही वाटेना. ती जागा तिने भाजली दरवर्षी, डोक्यावरून कवळाचे, तोडलेल्या डहाळ्यांचे भारे आणून. मी तेव्हा कोल्हापूरच्या घाटात.

चौतीस वर्षं मला वाटत होतं घर मी चालवतो.

संध्याकाळी विचारलं, गाडी खाली आणली तेव्हा तू हात हलवून नको नको म्हणत होतीस, ते हेच सांगत होतीस का? म्हणाली, "हेच." मला वाटलं होतं, माझ्यासाठी एवढा खटाटोप नको म्हणतेय. मी आपला वर बसून, अगं राहू दे गं, राहू दे गं करत गाडी आणली. तिचा पदर सारखा करून म्हटलं, चुकलो. ती हसली. डाव्या बाजूने हसते आता, पण पूर्ण हसते.

१३ नोव्हेंबर

अडचण. खाली आलो ती वाट आता ओली, आणि तरव्यावरून कातळावर जायचं तर मधे बांध. आमचा आणि बाळूचा सामाईक. ह्या बांधावरून माझे वडील आणि त्याचे वडील अकरा वर्षं कोर्टात होते. वीतभर मातीसाठी. दोघेही मेले, निकालात काय आलं ते आता कोणाला सांगता येत नाही. तो बांध फोडू का, हे कुठल्या तोंडाने विचारू?

सकाळभर शब्द जुळवले. दुपारी गेलो तर बाळू आधीच बांधावर, हातात कुदळ. सु. दारातून बांधाकडे बोट दाखवत होती ते त्याने काल बघितलं होतं. म्हणाला, "वयनी बोट दाकवत व्हती तवाच कळलं. बांध काय, परत घालता येतो." आणि घाव घातला.

मी घरातून दुसरी कुदळ आणली. आठ हात फोडला, दोघांनी मिळून. मग वरच्या अंगाने चर खणला, पाणी बाजूला काढायला. तेही सु.ने सुचवलेलं.

१४ नोव्हेंबर

कडक ऊन. देवा, असंच ठेव दोन दिवस.

गाडी हलकी केली. पाण्याची टाकी सोडली, सिलिंडर, भांडी, गादी बाहेर. मागच्या जोडचाकांच्या फटीत चिखल बसून सिमेंटसारखा झाला होता. कोयत्याने काढला. तो असेपर्यंत दोन चाकं म्हणजे एकच गुळगुळीत रूळ, पकड कुठून यायची.

वाडीतल्या बायकांनी कवळ आणलं, ऐनाच्या डहाळ्या, आठ भारे. मी उभ्या मांडत होतो, चाकाच्या वाटेने. सु. दारातून "आडवं, आडवं." उभ्यावर चाक घसरतं, आडव्यावर पाय रोवतं. जिन्याच्या पायऱ्या कोणी उभ्या घालतं का. बरोबर. वरून नारळाची झापं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

निघाली.

सकाळी नऊ. बाळूने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा जागेवाल्या म्हाराजा, ही तुज्या लेकीची गाडी हाय, हिला वाट दे." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा." माझा ह्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही. मीही व्हय म्हटलं, मोठ्याने.

मी म्हणत होतो सु.ला घरात ठेवू, गाडी वर गेली की मग बघू. मग कसं आणणार वर, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. तिने विचारला, नुसतं माझ्याकडे बघून. तिला उतरणीवरून आत घेतली. पुढच्या सीटवर बसवली, पट्टा बांधला. चौतीस वर्षं ड्रायव्हर, आणि बायको शेजारी बसून मी गाडी चालवतोय असं चार वेळा झालं असेल.

ठरलं ते असं : तिने डाव्या हाताने समोर फळीवर एक थाप दिली की चाल, दोन दिल्या की थांब. दुसरा गिअर. रेस नाही. क्लच अगदी हळू सोडला.

आधी काहीच नाही. मग गाडी जरा उठली, परत बसली. माझा पाय आपोआप रेस द्यायला गेला. दोन थापा. पाय काढला. थांबलो. बाळूने मागच्या चाकाखाली आणखी कवळ सारलं. एक थाप. पसरलेली चाकं त्या डहाळ्यांवर चढली, डहाळ्या कडकड मोडल्या, आणि गाडी निघाली. माणूस चालतो त्याहून हळू. पाच हात. दहा हात. थांबलो असतो तर परत बसली असती. ती थापा देत होती, एक, एक, एक, भाकरी थापल्यासारख्या. तिचा उजवा हात मधे, माझ्या गिअरच्या हाताला लागून. तो हलत नाही. पण ऊब आहे त्याला.

तरव्याच्या तुकड्यावर आली तेव्हा चाकांखालचा आवाज बदलला. बांधातून तिरकी काढली. पुढची चाकं कातळाला लागली, मग मागची. ब्रेक मारला.  सु. समोर बघत होती. वाडीची माणसं खालून चढत येत होती, ओरडत.

तिला म्हटलं, आता तू लायसन काढ. म्हणाली, "पानी." तहान लागली होती तिला.

१६ नोव्हेंबर

हवा परत भरली. ६० वर थांबलो. पंच्याहत्तर नको, आता मला ते फुगलेलं बघवत नाही. दुपारी निघालो. बाळू बांध परत घालतोय, जाताना दिसला. त्याची बायको हात हलवत होती.

जयगडला बोटीवर गाडी चढवली. खाडीच्या मधोमध सु. म्हणाली, "वारा." खिडकी पूर्ण उघडली. मुक्काम गुहागरच्या अलीकडे, एका मास्तरांच्या अंगणात. घट्ट अंगण. तरी आधी चपला काढून चालून बघितलं. मास्तर विचित्र बघत होते.

१७ नोव्हेंबर

दाभोळची खाडी ओलांडली. दापोलीच्या चढात इंजिन तापलं, अर्धा तास सावलीत. संध्याकाळी हर्णे. बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता, सु.ने थांबायला लावलं. खिडकीतून पापलेटाची बोली ऐकत बसली. एका कोळणीने विचारलं, ही कसली गाडी? म्हटलं, घर आहे. तिने आत वाकून बघितलं आणि सु.ला म्हणाली, "बाय, नशीब काडलंस." सु.ने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. ह्या वेळी मुद्दाम.

सुके बोंबील घेतले आक्काला. गाडीला वास लागलाय. असू दे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आंजर्ले. आक्काचं घर नारळीच्या बागेत, आत शंभर पावलं. शिंपण चालू, जमीन मऊ. आत नेली नाही. वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेला खडीवर लावली आणि आक्काला आणायला गेलो. तिच्या कानात ओरडून सांगितलं. तिला वाटलं मी एकटाच आलोय. हात धरून गाडीपर्यंत आणली, उतरणीवरून काठी टेकत चढली. आत अंधारलेलं, तिला दिसेना. "कोण हाय हतं?"

सु.ला शब्द येईना. फार प्रयत्न केला, मान ताठ झाली तिची. मी आक्काचा हात धरून तिच्या गालावर ठेवला.

आक्काने गालावरून, कपाळावरून, कानांवरून हात फिरवला. मग उजवा हात हातात घेतला, वर उचलला, सोडला. तो पडला. परत उचलला. परत पडला. नितीनने तिला काही नीट सांगितलं नव्हतं, आता कळलं. तिने तो हात मांडीवर घेतला आणि मला म्हणाली, "तेल आन."

मी बाहेर येऊन वहाळाशी बसलो. रडलो. ह्यात लपवण्यासारखं काय आहे.

१९ नोव्हेंबर

कालपासून आक्का गाडीतच आहे. पलंगासमोरच्या बाकावर झोपली. दर दोन तासांनी हाताला तेल लावते. दोघींचं बोलणं चालू असतं. सु. एक शब्द म्हणते, आक्का भलतंच उत्तर देते. सु. म्हणाली "चहा", आक्काने काशीनाथ भटजींच्या म्हशीची गोष्ट सांगितली, पंधरा मिनिटं. सु. हसत होती. चहा मी केला.

नितीनचा फोन : उद्या चारला भाड्याची गाडी घेऊन पोचतो. बिचाऱ्याने तिच्यासाठी नवी गादी घेतली आहे, सुनेने खोली लावली आहे. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीखही घेतली आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आक्का घरात गेली, देवाला दिवा लावला, आणि स्वतःची पिशवी घेऊन परत आली. पिशवी गाडीत फळीवर ठेवली. आमच्या फळीवर. मी म्हटलं नितीन चारला येतोय. ऐकू आलं की नाही कळत नाही, सोयीचं ऐकते. जेवताना मात्र सरळ म्हणाली, "दत्ताराम, मना तुमच्याकडं ने. हिचा हात मी करते बरा."

हात बरा होईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन व्हायला हवं, ते बदलापूरला होईल. नितीन मुलगा आहे, मी कोण. आणि आमच्या त्रेसष्ट पायऱ्या, दोन म्हाताऱ्या, माझी एक पाठ. सगळं खरं आहे. हे सगळं मी सु.ला हळू आवाजात सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चल." कोणाला म्हणाली, कुठे म्हणाली, विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं तिने.

जेवून दोघी आडव्या झाल्यात. आक्का तिच्या बाकावर नाही, सु.च्या पलंगावरच, अंग चोरून, तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरून. मी उतरणीवर बसून हे लिहितोय. ढग आलेत. चपला काढून खडीपलीकडे चालून आलो, अजून घट्ट आहे. पाऊस आला तर सांगता येत नाही.

साडेतीन वाजून गेले. आक्काला आम्ही नेतो असा नितीनला फोन करायचा तर आत्ता करायला हवा. नाहीतर आक्काची पिशवी फळीवरून उतरवून ह्या दोघींना उठवायला हवं.

उठवतो. पाच मिनिटांनी.